‘तुला अ‍ॅडमिशन कशी मिळाली?’

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी हॉस्टेलवर नाव विचारून झालं की पुढचा प्रश्न ठरलेला असायचा: सीईटीला किती? मीही रूममेटला तो विचारला. त्याने आकडा सांगितला आणि मी फक्त ‘अच्छा’ म्हणालो. त्या ‘अच्छा’मध्ये काय काय होतं, ते आम्हा दोघांनाही कळलं होतं. सोनिया सोटोमायोर यांचं ‘माय बिलव्हेड वर्ल्ड’ (२०१३) हे आत्मकथन वाचताना ते पुन्हा आठवलं.

सोटोमायोर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातल्या पहिल्या लॅटिना न्यायाधीश. आईवडील प्वेर्तो रिकोहून न्यूयॉर्कला आलेले. तिथले लोक १९१७ पासून अमेरिकेचे नागरिक आहेत, म्हणजे कागदोपत्री हे स्थलांतर नव्हेच. पण ब्राँक्समधल्या सरकारी वसाहतीत, स्पॅनिश बोलणाऱ्या घरात वाढणाऱ्या मुलीला त्या कागदाने फारसा फरक पडत नाही.

पुस्तक सुरू होतं ते इन्सुलिनपासून. लहानग्या सोनियाला डायबेटिस झालाय. इंजेक्शन कोणी द्यायचं यावरून आईवडील भांडतायत, कारण दारूमुळे वडिलांचे हात थरथरतात. शेवटी ती स्वतःच सिरिंज उकळायला आणि टोचून घ्यायला शिकते. पुढे नऊ वर्षांची असताना वडील जातात. नर्स असलेली आई मुलांना शिकवते.

प्रिन्स्टनमध्ये प्रवेशाची शक्यता दिसू लागते तेव्हा शाळेतली नर्स विचारते, वर्गातल्या पहिल्या दोघींना सोडून तुलाच कसं काय? पुढे येलमध्ये कायदा शिकताना एका लॉ फर्मचा वकील जेवणाच्या टेबलावर तेच विचारतो: प्वेर्तो रिकन नसतीस तर इथे आली असतीस का? त्या रीतसर तक्रार करतात, फर्मला माफी मागावी लागते. तिथे आपल्यासारख्या राखीव जागा नाहीत, पण प्रवेश देताना वंशाचा विचार करायची तेव्हा मुभा होती. तिचा फायदा झाला हे सोटोमायोर लपवत नाहीत. आत गेल्यावर कच्चं इंग्रजी सुट्टीत व्याकरणाची पुस्तकं घेऊन कसं सुधारलं, तेही सांगतात. १९७६ साली त्या प्रिन्स्टनमधून सर्वोच्च श्रेणीत बाहेर पडतात आणि येलनंतर मोठ्या पगाराच्या फर्मऐवजी मॅनहॅटनमध्ये सरकारी वकिलाची नोकरी धरतात. हा भाग मला फार प्रामाणिक वाटला.

माझं पटत नाही ते नेल्सनच्या बाबतीत. नेल्सन त्यांचा आतेभाऊ, सोबत वाढलेला, त्यांच्याच मते त्यांच्याहून हुशार. तो हेरॉइनच्या नादी लागतो आणि तरुणपणीच एड्सने जातो. मी तरले, तो का नाही? मुलींना घरात जपतात आणि मुलांना रस्त्यावर सोडतात, हे कारण सोटोमायोर सांगतात खरं, पण शेवटी थांबतात ते जिद्दीवर. प्रवेशाबद्दल बोलताना दार कोणी उघडलं हे महत्त्वाचं असतं आणि नेल्सनबद्दल बोलताना अचानक सगळं इच्छाशक्तीवर येतं. आपल्याकडच्या यूपीएससी टॉपरच्या सत्कारात ऐकू येतं ना, अगदी तसं.

पुस्तक १९९२ मध्ये, त्या न्यायाधीश होतात तिथे संपतं. त्यामुळे पुढची गोष्ट बाहेर शोधावी लागते. जून २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रवेशातला वंशाचा विचार बहुमताने बाद केला. सोटोमायोर यांनी विरोधी मत लिहिलं आणि त्याचा सारांश कोर्टात वाचून दाखवला. तिथे एकट्या माणसाच्या जिद्दीपेक्षा शाळा, वस्ती, पैसा यांतली विषमता जास्त बोलते. नेल्सनच्या प्रकरणात जे राहून गेलं, ते मला तिथे सापडलं. म्हणून पुस्तक वाचा, पण त्यानंतर ते विरोधी मतही वाचा.

मागच्या रविवारी रूममेटला व्हॉट्सअ‍ॅपवर या पुस्तकाबद्दल लिहिलं, त्या ‘अच्छा’बद्दलही. त्याचं उत्तर आलं: ‘वाचतो. पण तुझा स्कोअर किती होता, ते तू कधी सांगितलंच नाहीस.’

खरंच, मला कुणी विचारलंच नव्हतं.