अझीजाचे वेषांतर : खलपात्राच्या आकर्षणाविषयी

१

खलपात्र वाचकाला किंवा प्रेक्षकाला का खिळवून ठेवते, हा प्रश्न जुना आहे. मराठी समीक्षेत त्याची चर्चा मात्र बहुधा नीतीच्या अंगाने झाली. दुष्टाला अखेर शासन होते की नाही, त्याच्या आकर्षणामुळे दुर्गुणाचे उदात्तीकरण होते की नाही, अशा शंकांपाशी ती घुटमळत राहिली. संस्कृत नाट्यविचाराने या पात्राचे लक्षण सांगितले आहे. धनंजयाच्या ‘दशरूपका’तील प्रतिनायक हा लोभी, धीरोद्धत, ताठर, पापाचरणी आणि व्यसनी असा नायकाचा शत्रू होय. परंतु ही गुणांची, किंबहुना अवगुणांची, यादी झाली. या यादीबरहुकूम उभी केलेली शेकडो पात्रे विस्मृतीत गेली आणि ‘मृच्छकटिका’तील शकार मात्र टिकून राहिला. हे केवळ त्याच्या दुष्टपणामुळे घडले असे म्हणता येणार नाही. शकार मूर्ख आहे, पुराणकथांची सरमिसळ करणारा बढाईखोर आहे. पण तो राजाचा मेहुणा आहे, आणि आपल्या मूर्खपणाला सत्तेचा आधार आहे हे त्याला पक्के ठाऊक आहे. न्यायासन आपल्याला घाबरेल हे त्याने अचूक ओळखले आहे. चारुदत्ताच्या औदार्याला ज्या नगरीचे खरे रूप उमगत नाही, ती नगरी शकाराला पुरती उमगली आहे.

अलीकडच्या कथा-चित्रपटांत खलपात्राला एखादा दुखरा भूतकाळ जोडण्याची पद्धत रूढ झाली आहे. बालपणीचा अपमान, हिरावलेले प्रेम, झालेला अन्याय यांची पूर्वपीठिका दिली की पात्र ‘जिवंत’ झाले, असे मानले जाते. अशा पूर्वपीठिकेने सहानुभूती मिळते यात शंका नाही. पण सहानुभूती आणि आकर्षण या दोन भिन्न गोष्टी आहेत. ज्याची कीव येते त्याचे पुढचे वाक्य ऐकण्यासाठी आपण कान टवकारतोच असे नाही. प्रस्तुत लेखात मांडावयाचे आहे ते असे, की खलपात्राचे सामर्थ्य त्याच्या जखमेत किंवा क्रौर्यात नसून त्याच्या आकलनात असते. नायकाच्या जगाचे नियम त्याला नायकापेक्षा नेमके कळलेले असतात, आणि त्या नियमांवर प्रेक्षकाचाही विश्वास असल्यामुळे प्रेक्षक त्याच्या युक्तिवादात नकळत गुंतत जातो.

२

मराठी रंगभूमीवरील दोन परिचित पात्रे या दृष्टीने ताडून पाहता येतील. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या ‘कीचकवध’ (१९०७) या नाटकातील कीचकाने आपल्या काळी प्रेक्षागृहे पेटवली. त्या कीचकात प्रेक्षकांना लॉर्ड कर्झन दिसत होता; सरकारलाही तो दिसला आणि १९१० साली नाटकावर बंदी आली. त्या पात्राचा प्रभाव नि:संशय मोठा होता. परंतु त्याचे बरेचसे बळ नाटकाबाहेरून आलेले होते. कर्झनचा संदर्भ मावळल्यावर कीचकाचा उद्दामपणा उरतो, त्याचे भय तितकेसे उरत नाही.

याउलट राम गणेश गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’मधील तळीराम पाहावा. कथानकात त्याचे स्थान वकील सुधाकराच्या कारकुनाचे, आणि नाटकातील पुष्कळसा विनोद त्याच्या वाट्याला आलेला. तो सुधाकराचा द्वेष करीत नाही. त्याला लुबाडण्याचा मोठा कटही रचीत नाही. भर न्यायालयात झालेल्या अपमानाने आणि सनद स्थगित झाल्याने सुधाकर घायाळ झालेला असताना तळीराम फक्त योग्य क्षणी योग्य वस्तू पुढे करतो. सुधाकराच्या शीलाचा मूळ धागा अभिमान आहे, आणि अभिमानी माणसाला सांत्वन नको असते, विस्मरण हवे असते, हे त्या घरात एकट्या तळीरामाला समजले आहे. सिंधूच्या पातिव्रत्याला आणि रामलालच्या तत्त्वनिष्ठेला जे दिसत नाही ते या हलक्या दर्जाच्या विदूषकाला दिसते. म्हणूनच तळीरामाच्या विनोदावर हसताना प्रेक्षक थोडा अस्वस्थ होतो.

गडकऱ्यांनी येथे खलपात्राला विनोदाच्या दालनातून आत आणले. हे दालन नाटकाच्या गंभीर भागापासून वेगळे राहील, अशी त्या काळच्या रंगभूमीची समजूत होती. ती समजूत पुढे ज्याने मुळापासून हलवली, तो नाटककार कन्नड भाषेतला. परंतु मराठी रंगभूमीशी त्याचे नाते निकटचे होते.

३

गिरीश कार्नाड यांचा जन्म १९३८ साली माथेरानचा, बालपण सिरसी-धारवाडकडचे. मराठी त्यांना उत्तम येत असे.  बंगळूरच्या जे. पी. नगरात, १९९० साली अकाली निधन पावलेल्या शंकर नाग यांच्या स्मरणार्थ अरुंधती नाग यांच्या प्रयत्नांतून ‘रंगशंकरा’ हे नाट्यगृह २००४ साली उभे राहिले. कार्नाडांचे निधन १० जून २०१९ रोजी झाले. त्यांचे ‘तुघलक’ १९६४ मधले. विजय तेंडुलकरांनी ते मराठीत आणले आणि १९७१ साली ‘आविष्कार’ने अरविंद देशपांडे यांच्या दिग्दर्शनाखाली ते रंगमंचावर सादर केले. नाटकाचा उत्तरार्ध घडतो तो देवगिरीच्या, म्हणजे दौलताबादच्या किल्ल्यात. त्यामुळे मराठी वाचकाला त्याचा भूगोलही परका नाही.

या नाटकाची चर्चा साहजिकच महंमद तुघलकाभोवती फिरते. स्वप्नाळू, बुद्धिमान, न्यायप्रिय आणि तितकाच निष्ठुर असा हा सुलतान स्वातंत्र्योत्तर भारताच्या ध्येयवादाचे व भ्रमनिरासाचे रूपक म्हणून वाचला गेला. ते वाचन योग्यच आहे. पण नाटकाचे खलपात्र कोणते, असे विचारले तर उत्तर सोपे नाही. पापांचे मोजमाप केले तर सुलतानाचा वाटा कितीतरी मोठा आहे. शेख इमामुद्दीनला तो कपटाने मरणाच्या तोंडी देतो, शिहाबुद्दीनला स्वहस्ते भोसकतो, सावत्र आईला दगडांनी ठेचून मारण्याची आज्ञा देतो. तरीही तो शोकनायकच राहतो. खलपात्राची जागा घेतो तो अझीज नावाचा एक धोबी.

अझीजाला जवळजवळ भूतकाळ नाही. त्याच्यावर कोणता अन्याय झाला, त्याला कोणती जखम सलते, हे कार्नाड सांगत बसत नाहीत. आपल्याला दिसते ती केवळ त्याची वाचनशक्ती. कारण अझीज हा सुलतानाच्या फर्मानांचा सर्वोत्तम वाचक आहे. हिंदू-मुसलमानांना समान न्याय मिळेल, प्रजेतील कोणालाही खुद्द सुलतानाविरुद्ध दाद मागता येईल, असे फर्मान निघते. अमीर-उमराव चिडतात, सामान्य लोक कुचेष्टा करतात, धर्मपंडित संशय घेतात. अझीज एकटा त्याचा शब्दश: अर्थ लावतो. सुलतानाला आपली निष्पक्षता सिद्ध करण्यासाठी एक जिंकणारा ब्राह्मण हवा आहे, हे ओळखून तो विष्णुप्रसाद नावाच्या ब्राह्मणाचे सोंग घेतो, जप्त जमिनीबद्दल सरकारवर दावा लावतो, आणि नुकसानभरपाईबरोबर सरकारी नोकरीही पदरात पाडून घेतो. राजधानी दौलताबादला हलते तेव्हा स्थलांतरितांच्या तळावर तो अधिकारी असतो. तांब्याचे नाणे चांदीच्या मोलाने चालेल असे जाहीर होताच तो खोटी नाणी पाडतो. अखेरीस खलिफाच्या वंशातील पाहुण्याचा खून करून, त्याच्याच वेषात, सुलतानाला आशीर्वाद देण्यासाठी तो दौलताबादेत प्रवेश करतो.

सुलतानाची प्रत्येक सुधारणा आणि अझीजाचा प्रत्येक गुन्हा यांची अशी जोडी जुळलेली आहे. त्यातही वेषांतराचा धागा विशेष लक्षणीय. सुलतान स्वत:शी साम्य असणाऱ्या इमामुद्दीनला आपला पोशाख चढवून रणांगणावर पाठवतो. अझीज दुसऱ्यांचे पोशाख आपल्या अंगावर चढवतो. एक आपल्या वेषात दुसऱ्याला मारतो, दुसरा इतरांच्या वेषात स्वत: जगतो. धोब्याच्या हाती सगळ्यांचेच कपडे येतात, हे येथे सहज आठवते.

४

आपल्या इंग्रजी नाट्यसंग्रहाच्या प्रस्तावनेत कार्नाडांनी या रचनेमागील एक तांत्रिक गोष्ट सांगितली आहे. कंपनी नाटकांत दोन प्रकारचे प्रवेश आलटून पालटून येत. राजवाड्याचे, दरबाराचे प्रवेश रंगमंचाची पूर्ण खोली वापरीत. त्यांची मांडामांड चालू असताना पुढे रस्त्याचा पडदा सोडून उथळ जागेत विनोदी पात्रे वेळ काढीत. ‘तुघलक’ची घडण याच संकेतावर बेतलेली आहे, अझीज आणि त्याचा मित्र आझम ही मूळची त्या उथळ प्रवेशांतली जोडी. लिहिता लिहिता या उथळ प्रवेशांत आवरता न येणारा जोम संचारू लागला, खोल प्रवेश क्रमाने रिकामे होत गेले, आणि अखेर विनोदी पात्र संकेत मोडून नायकाच्या बरोबरीने खोल प्रवेशात येऊन उभे राहिले, असा त्या निवेदनाचा आशय आहे.

तंत्राची ही हकीकत प्रत्यक्षात खलपात्राच्या आकर्षणाची मीमांसा आहे. ज्याला केवळ वेळ भरून काढण्यासाठी ठेवले होते, त्याच्याच हाती नाटकाचा अर्थ जातो. शेवटच्या भेटीत सोंग उघडे पडल्यावर अझीज गयावया करीत नाही. आपण सुलतानाचे खरे शिष्य आहोत, त्याच्या प्रत्येक आज्ञेवर आपणच मनोभावे अंमल केला, असे तो शांतपणे मांडतो. या युक्तिवादाला सुलतानापाशी उत्तर नाही. अझीजाला शिक्षा करायची तर त्याच्या हातून घडवून घेतलेले सारे, म्हणजे आपली राजवटच, खोटी ठरवावी लागेल. म्हणून तो त्याला अधिकारपद देतो. प्रेक्षकही येथे निरुत्तर होतो, कारण समान न्यायाचे ते फर्मान त्यालाही मनापासून आवडलेले होते. अझीजाने लुटले ते त्याच फर्मानाच्या शब्दांच्या आधारे.

मात्र या आकर्षणाला कार्नाडांनी एक सीमा घालून दिली आहे, आणि ती विसरली तर नाटकाचे चुकीचे वाचन होईल. दौलताबादच्या वाटेवरील तळावर एक स्त्री आजारी मूल घेऊन वैद्याकडे जाण्याची परवानगी मागते. अझीज लाच मागतो. तिच्यापाशी आहेत ते पैसे वैद्यासाठी ठेवलेले. आझमला कळवळा येतो, अझीजाला येत नाही. तोवर अझीजाच्या हुशारीवर हसणारा प्रेक्षक येथे थबकतो. अझीजाचा तर्क येथेही निर्दोष आहे. बदलले आहे ते एवढेच, की त्या तर्काच्या दुसऱ्या टोकाला आता सुलतान नसून एक निरुपाय आई आहे. खलपात्र आकर्षक करणे आणि त्याला निर्दोष ठरवणे यांतील अंतर लेखकाने कसे राखावे, याचा हा छोटासा प्रवेश वस्तुपाठ आहे. बुद्धीचे कौतुक हिरावून न घेता त्या बुद्धीची किंमत कोणी मोजली, ते तो दाखवतो.

५

चाळीस वर्षांनंतर, २००५ साली, कार्नाडांनी हाच प्रश्न ‘ओडकलु बिंब’ या एकपात्री वाटणाऱ्या नाटकात पुन्हा हाताळला. ते ‘रंगशंकरा’च्याच रंगमंचावर आले आणि अरुंधती नाग यांनी त्यातील मंजुळा नायक उभी केली. मंजुळा ही कन्नड कथालेखिका. तिच्या इंग्रजी कादंबरीला अफाट यश मिळाले आहे. आरंभी दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्यापुढे ती आपल्या इंग्रजी लेखनाचे समर्थन करते. मातृभाषा सोडून इंग्रजीत लिहिणाऱ्यावर होणारे आरोप, त्यामागची असूया, बाजारपेठ आणि निष्ठा यांचा झगडा हे सारे मराठी वाचकालाही घरचे वाटावे असे आहे. तिचे म्हणणे आपल्याला पटू लागते. त्यानंतर पडद्यावरची तिचीच प्रतिमा तिला प्रश्न विचारू लागते, आणि कादंबरी तिच्या दिवंगत अपंग बहिणीची होती हे उघड होते.

मंजुळेच्या हातून रक्त सांडलेले नाही. परंतु अझीजाशी तिचे नाते स्पष्ट आहे: दुसऱ्याचे नाव-गाव पांघरून जगणे, आणि त्यासाठी समाजाला प्रिय असलेल्या एका वादाचा आडोसा घेणे. साहित्यविश्व कोणत्या प्रश्नावर भांडत बसेल आणि कोणता प्रश्न विचारायचा विसरून जाईल, हे तिला ठाऊक आहे. ‘रंगशंकरा’चा रंगमंच प्रेक्षकांमध्ये पुढे आलेला आहे, तेथे रस्त्याच्या पडद्यामागे दडलेली खोली नाही. मंजुळेला उथळ आणि खोल अशा दोन जागा उरलेल्याच नाहीत. तिच्या आरोपीचा आणि फिर्यादीचा चेहरा एकच आहे.

६

‘तुघलक’ मराठीत आले त्याच्या पुढच्याच वर्षी, १९७२ मध्ये, तेंडुलकरांचे ‘घाशीराम कोतवाल’ पुण्यात रंगमंचावर आले. घाशीरामाला अपमानाची पूर्वपीठिका आहे. तिने तो समजतो. तरी नाटकावर पकड राहते ती नाना फडणविसाची. आपण उभा केलेला कोतवाल केव्हा वापरायचा आणि केव्हा जमावाच्या स्वाधीन करायचा, हे नाना जाणतो. सूडाने पेटलेल्या घाशीरामापेक्षा शहर ओळखणारा नाना अधिक काळ मनात रेंगाळतो, ही गोष्ट वरील विवेचनाला पूरक आहे.

साहित्याच्या अभ्यासकाने खलपात्रापुढे उभे राहताना म्हणून दोन प्रश्न विचारावेत. या पात्राला असे काय कळले आहे, जे नायकाला आणि मला कळलेले नाही? आणि त्या कळण्याची किंमत नाटकातील कोणत्या माणसाने चुकवली? पहिला प्रश्न टाळणारा वाचक खलपात्राला बाहुले समजून पुढे जातो. दुसरा टाळणारा त्याचा भाट होतो. कार्नाडांनी अझीजाला दरबारापर्यंत नेले, पण त्या वाटेवरची मूल घेऊन उभी असलेली बाई नाटकातून पुसून टाकली नाही. अझीजाच्या चातुर्याचे विवेचन करणाऱ्याने तिलाही विसरू नये.