शब्दाविना बालनाट्य : दब्युसीच्या ‘खेळण्यांची पेटी’चा विचार

मुलांसाठी रचलेल्या निःशब्द संगीतनाट्याचा विषय निघाला की, संगीत ही सर्वांची भाषा होय, हे वचन सहज पुढे केले जाते. परंतु या वचनाने एक मूळ प्रश्न झाकला जातो. रंगभूमीवर कोणीच बोलत नसेल, तर अमुक स्वरावली म्हणजे अमुक पात्र, हे मुलाला सांगणार कोण? प्रस्तुत टिपणात या प्रश्नाचा विचार क्लोद दब्युसी या फ्रेंच संगीतकाराच्या ‘खेळण्यांची पेटी’ या बालनृत्यनाट्याच्या आधारे करावयाचा आहे.

आंद्रे एले या चित्रकाराच्या सचित्र कथेवरून दब्युसीने १९१३ मध्ये ही रचना पियानोसाठी केली. तिच्यामागे आपल्या लहानग्या मुलीचे कौतुक होते. वाद्यवृंदासाठी तिची मांडणी त्याने आरंभिली. पण १९१८ मध्ये तो निवर्तला आणि ते काम आंद्रे काप्ले याने पुरे केले. पहिला प्रयोग पॅरिस येथे डिसेंबर १९१९ मध्ये झाला. कथा साधी आहे. पुठ्ठ्याचा शिपाई एका बाहुलीवर लुब्ध होतो. बाहुलीचे मन मात्र पोलिशिनेल या आळशी व भांडखोर विदूषकावर जडलेले असते. लढाईत शिपाई घायाळ होतो, बाहुली त्याची शुश्रूषा करते आणि अखेर दोघांचा संसार थाटला जातो.

या तिघांना दब्युसीने आपापले संगीत दिले आहे. शिपायाला रणशिंगाची ललकारी, बाहुलीला वॉल्ट्झची गिरकी, विदूषकाला तुटक व कर्कश स्वर. पात्र दिसते त्याच क्षणी त्याचे स्वर ऐकू येतात आणि खूण मुलाच्या मनात रुजते. प्रोकोफिएव्हच्या १९३६ मधील ‘पीटर आणि लांडगा’ या कृतीत हेच काम निवेदक शब्दांनी करतो. येथे कृती स्वतःच प्रेक्षकाला आपली भाषा शिकविते. निःशब्द बालनाट्याचे खरे सामर्थ्य ते हेच.

मात्र दब्युसीने दुसऱ्याही प्रकारच्या खुणा वापरल्या आहेत. गुनोच्या ‘फाउस्ट’मधील सैनिकांचे समूहगान व फ्रेंच बालगीतांच्या चाली यांचे पडसाद येथे ऐकू येतात. ज्याने त्या चाली पूर्वी ऐकल्या आहेत, त्यालाच त्यांतील विनोद कळावयाचा. अन्य देशीच्या मुलाला ते केवळ गोड सूर होत. म्हणजे या ठिकाणी संगीत सर्वांची भाषा राहत नाही. ते एका समाजाच्या स्मरणावर विसंबून राहते.

हत्तीच्या नृत्याचे उदाहरण या दृष्टीने विशेष उद्बोधक आहे. हे हत्तींना माणसाळविण्याचे जुने हिंदू गाणे असून ते पहाटे पाचच्या स्वरसप्तकावर बेतले आहे, म्हणून त्याला पाच मात्रांवाचून गत्यंतर नाही, अशी मिस्कील टीप दब्युसीने स्वरलेखनात दिली आहे. रागसमयाची कल्पना परिचित असलेल्या आपल्या वाचकास या थट्टेची मौज अधिकच वाटेल, कारण रागाची वेळ घड्याळातील आकड्यावरून ताल ठरवीत नाही. परंतु ही टीप प्रेक्षागृहातील मुलाच्या कानी कधीच पडत नाही. त्याला दिसतो तो विषम मात्रांवर अवजड पावले टाकणारा हत्ती. तेवढ्याने त्याचे समाधान होते. थट्टा शब्दांत आहे, नृत्य शब्दांबाहेर आहे.

अखेरच्या दृश्यात वीस वर्षे लोटलेली असतात आणि येथे या प्रकाराची मर्यादा उघड होते. कालावधीचा आकडा कोणतीही स्वरावली सांगू शकत नाही. तो भार नेपथ्य व वेषभूषा यांनी उचलावयाचा असतो. ही रचना नुसत्या मैफलीत सादर होते तेव्हा कधी कधी निवेदकाची योजना करावी लागते, ती यामुळेच.

तेव्हा शब्द गाळल्याने नाटक मुलांना सुगम होते, ही समजूत टाकून द्यावयास हवी. शब्द गेला की त्याचे काम दुसऱ्या कोणी तरी पत्करावे लागते. ते काम जेथे कृतीच्या आतून होते तेथे मूल रमते. जेथे ते बाहेरच्या माहितीवर सोपविले जाते तेथे मुलाशेजारी बसलेली वडील माणसेच काय ती हसतात.