आवतण कुणी दिले?

संग्रहालय म्हटले की डोळ्यांपुढे काय येते? काचेची कपाटे, पेंढा भरलेला वाघ आणि 'हात लावू नये' ही पाटी. १९६९ साली वॉशिंग्टनच्या ॲनाकोस्टिया भागातील एका संग्रहालयाने मात्र चक्क जिवंत उंदीर मांडले. शिक्षकांनी या प्रदर्शनाचा विचार करावा असे आम्हांला वाटते. त्याच्या गुणांसाठी, तसाच एका उणिवेसाठीही.

स्मिथसोनियन संस्थेने १९६७ साली एका बंद सिनेमागृहात हे संग्रहालय उघडले. संस्थेचे तेव्हाचे प्रमुख डिलन रिप्ली आपल्याला परके नाहीत. सालिम अलींबरोबर भारतीय उपखंडातील पक्ष्यांचे दहा खंड लिहिणारे ते हेच. लोक संग्रहालयाकडे येत नसतील तर संग्रहालयाने वस्तीत जावे, ही त्यांची कल्पना. संचालक जॉन किनार्ड हे धर्मोपदेशक व समाजकार्यकर्ते. वस्ती मुख्यतः कृष्णवर्णीयांची. तेथील मुलांच्या बोलण्यात उंदरांचा त्रास आला आणि प्रदर्शनाचा विषय ठरला.

या निवडीचे मोल मोठे आहे. प्रश्न तज्ज्ञांनी नव्हे, मुलांनी दिला. शिवाय उंदराच्या निमित्ताने खरे जीवशास्त्र शिकता येते. तपकिरी उंदराची मादी सुमारे तीन आठवड्यांत वितेे आणि पिल्ले दोन-तीन महिन्यांत स्वतः प्रजननक्षम होतात. म्हणून नुसते विष घालून भागत नाही. अन्न आणि आसरा कायम असेल, तर उरलेले उंदीर रिकामी जागा लवकरच भरून काढतात. संख्या ठरते ती उकिरड्यावर.

आमचा आक्षेप आहे तो शीर्षकाला. त्याचा अर्थ होतो, 'माणसाने आवतण देऊन आणलेली पीडा'. पण आवतण देणारा हा 'माणूस' कोण? उघडे अन्न ठेवणारी गृहिणी, पडक्या भिंती न दुरुस्त करणारा घरमालक, की कचरा वेळेवर न उचलणारी नगरपालिका? 'माणूस' या एका शब्दात तिघेही सामावतात, आणि दोष मात्र सर्वांत दुबळ्याच्या माथी बसण्याची भीती असते.

याच संग्रहालयाने २०१२ साली शहरांतील नद्यांवर प्रदर्शन भरवले. त्यात ॲनाकोस्टिया नदी होती. जुन्या वॉशिंग्टनमध्ये पावसाचे पाणी व मैला एकाच नळातून वाहतो. मोठा पाऊस झाला की ते मिश्रण नदीत सांडे. २०१८ साली भूमिगत बोगदा सुरू झाल्यावर हे पुष्कळ कमी झाले. इथे काठावरच्या रहिवाशाने घर कितीही स्वच्छ ठेवले असते, तरी नदी सुधारली नसती. दोष नळांच्या रचनेत होता आणि उपाय सार्वजनिक खर्चाचा होता.

आपल्या शाळांतील विज्ञान प्रदर्शनांत ओझोनच्या थराचा तक्ता हमखास असतो. शाळेमागचे गटार क्वचितच असते. ते यंदा मांडून पाहावे. मुलांना गटाराचा नकाशा काढू द्यावा. पाणी कोठून येते, कोठे तुंबते, हे त्यांनी नोंदवावे. मात्र 'स्वच्छता राखा' या घोषणेवर थांबू नये. प्रत्येक कारणापुढे दोन रकाने आखावेत : यातले आपल्या हातात काय, आणि कोणाकडे काय मागायचे. दुसरा रकाना कोरा राहिला, तर प्रदर्शन अपुरे राहिले असे आम्ही म्हणू.