नोकरी, काम आणि आकडे : भिलाईच्या एका अभ्यासाची पद्धती

सामाजिक सर्वेक्षणात गुणात्मक व संख्यात्मक सामग्रीचा मेळ घालावा, हे आता सर्वमान्य झाले आहे. तो कोणत्या क्रमाने घालावा, याची चर्चा मात्र क्वचित होते. जोनाथन पॅरी यांचा भिलाईविषयीचा अभ्यास या दृष्टीने महत्त्वाचा ठरतो. 1993 मध्ये सुरू झालेले क्षेत्रकार्य, वस्त्यांतील घरोघरची पाहणी आणि अजय टी. जी. यांचे दीर्घ सहकार्य यांतून ‘क्लासेस ऑफ लेबर’ हा ग्रंथ 2020 साली सिद्ध झाला.

सोव्हिएत साहाय्याने उभारलेल्या भिलाईच्या पोलाद कारखान्यात कायम कामगार आणि ठेका मजूर शेजारी शेजारी राबतात. ‘कामगार’ असा एकच रकाना असलेली प्रश्नावली दोघांना एकत्र मोजते. वस्तीतील लोक तसे मोजत नाहीत. एकाला ‘नोकरी’ असते, दुसऱ्याला नुसते ‘काम’. (‘नोकरी लागली’ आणि ‘कामाला जातो’ यांतील अंतर मराठी वधूपित्यालाही समजावून सांगावे लागत नाही.) पॅरी यांनी बोलीतील हा भेद वर्गवारीच्या स्थानी नेला. मिळकत, विवाहाचे स्थैर्य, मुलांचे शिक्षण यांतील तफावत त्यामुळेच नजरेस येते. आणि हे एकाच वर्गाचे दोन थर नसून दोन वर्ग आहेत, हा त्यांचा निष्कर्ष तिच्यावर उभा राहतो. मुलाखती येथे तक्त्यांची शोभा वाढविण्यासाठी येत नाहीत. तक्त्याचा रकानाच त्या ठरवितात.

उलट दिशेने, आकडाही रूढ समजाला धक्का देतो. छत्तीसगडमधील आत्महत्या म्हटल्या की शेतकरीच डोळ्यांसमोर येतो. पॅरी यांच्या 2012 सालच्या निबंधानुसार मात्र भिलाईत सुरक्षित नोकरी असलेल्यांच्या घरांतच हा धोका अधिक आहे. अर्थात सरकारी आकडाही तपासून घ्यावा लागतो : राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालात राज्यातील शेतकरी आत्महत्या 2010 साली हजाराहून अधिक, तर 2011 साली शून्य आहेत. नोंदीच्या पद्धतीखेरीज अन्य कशाने हा बदल समजावून घेणे कठीण आहे.

मोजक्या वस्त्यांतील प्रमाणे साऱ्या औद्योगिक भारताला लावता येणार नाहीत, हे उघड आहे. त्याहून अवघड प्रश्न एककाचा आहे. घर हे एकक धरले, तर बापाला नोकरी आणि मुलाला काम असलेले घर कोणत्या वर्गात मोजावे? कायम भरती आटल्यानंतर अशी घरे वाढलेलीच असणार.