शाळेची जागा आणि मागच्या बाकावरचे कान

पनवेलमधील एका शाळेत ध्वनी या विषयावर बोलण्यासाठी गेलो होतो. शाळा महामार्गालगतच्या एका इमारतीत, भाड्याच्या जागेत भरत होती. सहावीच्या वर्गात मी दहा शब्द उच्चारले आणि मुलांना ते लिहायला सांगितले. त्यात 'धार', 'घडी', 'खडा', 'थाप' असे शब्द होते. पुढच्या बाकांवर बहुतेकांचे शब्द बरोबर आले. मागच्या बाकांवरील वह्यांत मात्र 'दार', 'गडी', 'कडा', 'ताप' असे शब्द दिसू लागले. "यांचे शुद्धलेखनच कच्चे आहे, सर," बाई म्हणाल्या. मग मागची मुले पुढे आणि पुढची मागे बसवून त्याच धर्तीचे दुसरे दहा शब्द घातले. या वेळी चुका पुढून मागे गेलेल्या मुलांच्या वह्यांत होत्या.

एका वर्गातील एका दिवसाच्या या खेळाला मी प्रयोग म्हणणार नाही. पण याच शाळेचे चालक त्या वेळी कायमच्या जागेच्या शोधात होते. त्यांनी तीन जागांचा तक्ता मला दाखवला. क्षेत्रफळ, भाडेपट्ट्याची रक्कम, स्थानकापासूनचे अंतर, मैदान, पाण्याची सोय असे रकाने त्यात होते. तिथे ऐकू किती येते, हा रकाना नव्हता. माझी टीका या तक्त्यावर आहे. तो त्या चालकांनी एकट्याने रचलेला नाही, आपल्या नियमांनीच तो तसा घडवला आहे.

शिक्षणहक्क कायदा २००९ मध्ये झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. शाळेची इमारत कशी असावी, हे त्याच्या परिशिष्टात दिले आहे. प्रत्येक शिक्षकामागे एक वर्गखोली, मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहे, पिण्याचे पाणी, मैदान, कुंपण अशी ती यादी आहे. यादी आवश्यकच आहे, पण तीत आवाजाचा उल्लेख नाही. याच कायद्याच्या २९व्या कलमात, शक्य तेथवर मुलाच्या मातृभाषेतून शिकवावे, असे म्हटले आहे. म्हणजे भाषेचा विचार एका पानावर आणि भिंतींचा दुसऱ्या पानावर. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनी शाळेभोवतीचे १०० मीटर शांतता क्षेत्र ठरवता येते, तिथे दिवसाची मर्यादा ५० डेसिबेल आहे. पण हा नियम शाळा उभी राहिल्यानंतर फलक लावतो. जागा निवडताना तो कोणी विचारत नाही.

आता ऐकण्याचे गणित पाहू. शिक्षकाचा किंचित चढवलेला आवाज एक मीटरवर सुमारे ६५ डेसिबेल असतो, असे धरू. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की पातळी ६ डेसिबेलने उतरते. दोन मीटरवर ५९, चार मीटरवर ५३, आठ मीटरवर ४७. खोलीत भिंतींवरून परावर्तन होत असल्याने उतार इतका नसतो, पण तेच परावर्तन एका अक्षराची शेपूट पुढच्या अक्षरावर ओढते. वाहतुकीचा आवाज वर्गात ५५ डेसिबेल असेल, तर शेवटच्या बाकावर शिक्षकाचा आवाज त्याखाली दबतो. मुलांना नीट समजण्यासाठी तो सभोवतालच्या आवाजापेक्षा सुमारे १५ डेसिबेल वर असावा, असे मानले जाते. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ मध्ये वर्गातील पार्श्वभूमीच्या आवाजासाठी ३५ डेसिबेल ही मर्यादा सुचवली.

यात पहिला बळी जातो तो व्यंजनांचा. बोलण्यातील बहुतेक ऊर्जा स्वरांत असते. 'द' आणि 'ध' यांतील भेद, व्यंजन सुटल्यावर क्षणभर येणाऱ्या हवेच्या झोतात असतो. हा झोत क्षीण असतो आणि ट्रकच्या घरघरीत सहज बुडतो. मोठी माणसे वाक्याच्या संदर्भावरून हरवलेले अक्षर भरून काढतात. लहान मुलांना हे कौशल्य वयानुसार येते. आणि जी भाषा घरी बोलली जात नाही तिच्यात तर ते आणखी उशिरा येते, कारण अंदाज बांधायला शब्दसाठाच अपुरा असतो.

येथे भाषेचा आणि जागेचा प्रश्न एकत्र येतो. कॅनडातील सेंट लँबर्ट या गावी १९६५ मध्ये इंग्रजी घरांतील मुलांना बालवर्गापासून फ्रेंचमधून शिकवण्याचा प्रयोग सुरू झाला. मुले फ्रेंच शिकली आणि त्यांचे इंग्रजीही मागे पडले नाही. पुढे ही पद्धत पसरली. अमेरिकेत चिनी मँडरिन भाषेतून विषय शिकवणाऱ्या शाळाही निघाल्या. त्यांतील काही सनदी शाळा आहेत, म्हणजे सरकारी पैशावर पण स्वतंत्र मंडळाने चालवलेल्या. अशा शाळेला सनद मिळते, पण बहुधा इमारत मिळत नाही, आणि कायमच्या जागेचा शोध वर्षानुवर्षे चालतो. मँडरिनमध्ये 'मा' हे एकच अक्षर सुरांच्या चढउतारानुसार आई, ताग, घोडा किंवा रागावणे असे वेगळे अर्थ देते. जिथे कानांवर एवढा भार आहे, तिथे खोली हा शिक्षणपद्धतीचाच भाग ठरतो.

पनवेल परिसरात चिनी शाळा नाही, पण परक्या भाषेत उतरलेली मुले भरपूर आहेत. आगरी-कोळी बोली बोलणारे मूल प्रमाण मराठीत शिकते. नवीन पनवेल, कळंबोली, कामोठे, खारघर या सिडकोच्या वसाहतींत कितीतरी घरांतली मुले इंग्रजी शाळेत जातात आणि ते इंग्रजी घरी कोणी बोलत नाही. सेंट लँबर्टच्या पालकांनी विचारपूर्वक निवडलेली परिस्थिती येथे नकळत घडली आहे. त्याच वेळी हे गाव रस्त्यांचे आणि रेल्वेचे नाके आहे. मुंबई-गोवा महामार्ग येथून निघतो, द्रुतगती मार्ग कळंबोलीला सुरू होतो. त्यात नवी मुंबई विमानतळाची भर पडली. त्यासाठी दहा गावे हलली आणि गावांबरोबर शाळांच्या जागांचाही प्रश्न आला. २५ डिसेंबर २०२५ पासून तेथून प्रवासी उड्डाणे सुरू झाली. पहिल्या टप्प्याची क्षमता वर्षाला २ कोटी प्रवाशांची, तर अंतिम आराखडा ९ कोटींचा आहे. म्हणजे आज मोजलेला आवाज हा उद्याचा आवाज नव्हे.

अशा बदलाचा अभ्यास झालेला आहे. म्युनिकचा जुना विमानतळ १९९२ मध्ये बंद होऊन नवा दुसरीकडे सुरू झाला. संशोधकांनी दोन्ही ठिकाणच्या मुलांची आधी व नंतर चाचणी घेतली. जुन्या विमानतळाजवळच्या मुलांचे वाचन व स्मरण सुधारले, नव्याजवळच्या मुलांचे ढासळले. हा अहवाल २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. न्यूयॉर्कमधील एका शाळेत रेल्वेमार्गाकडच्या वर्गांतील मुले शांत बाजूच्या मुलांपेक्षा वाचनात मागे असल्याचे ब्रॉन्झाफ्ट आणि मॅकार्थी यांनी १९७५ मध्ये दाखवले. रुळांखाली रबर आणि वर्गांना ध्वनिशोषक छत बसवल्यावर हा फरक नाहीसा झाल्याचे १९८१ मध्ये नोंदवले गेले. हे नुकसान भरून येऊ शकते, ही यातील आशेची बाब.

माझ्या म्हणण्यावर दोन आक्षेप रास्त आहेत. पहिला, आवाजाचा सरासरी परिणाम फार मोठा नसतो. लंडन, ॲम्स्टरडॅम आणि माद्रिदच्या विमानतळांजवळील सुमारे २,८०० मुलांच्या पाहणीत, विमानांचा आवाज ५ डेसिबेल वाढला की वाचन एक ते दोन महिने मागे पडते, असे आढळले. घरची गरिबी किंवा शिक्षकाची अनुपस्थिती याहून अधिक नुकसान करू शकते. दुसरा आक्षेप अधिक महत्त्वाचा. शांत जागा वस्तीपासून तीन किलोमीटर दूर असेल, तर काही मुली शाळाच सोडतील. तेव्हा अंतराचा रकाना आवाजाच्या वरच राहिला पाहिजे. माझे म्हणणे इतकेच, की आवाजाचा रकाना तक्त्यात असावा.

तो असला की उपाय सुचतात. जिने, कार्यालय, स्वच्छतागृहे रस्त्याकडे आणि वर्ग मागच्या बाजूला घेता येतात, मग इमारतच आडोसा बनते. झाडांच्या एका-दोन रांगांनी आवाज बराच अडतो, हा आपला गैरसमज सोडून द्यावा. झाडे सावलीसाठी लावावीत. विमानाचा आवाज वरून येतो, त्याला कुंपणाची भिंत निरुपयोगी. म्हणून धावपट्टीच्या दोन्ही टोकांच्या सरळ रेषेतील भूखंड शाळेसाठी ठेवण्याआधी दोनदा विचार व्हावा. खिडक्या बंद करणे हा कोकणच्या उकाड्यात उपाय नाही, पण मागच्या भिंतीवर जाड कापड किंवा मऊ फलक लावणे कोणत्याही शाळेला जमेल.

शिक्षकांनी आपल्या वर्गात हे करून पाहावे. महाप्राण-अल्पप्राण जोड्यांतील वीस शब्द घ्या. ओठ दिसू नयेत म्हणून तोंडासमोर वही धरा. खिडक्या उघड्या व बंद, पुढे व मागे, अशा चार स्थितींत मुलांना लिहू द्या, प्रत्येक वेळी शब्दांचा क्रम बदला आणि चुका मोजा. पनवेलच्या शिक्षकांनी तर ही नोंद याच वर्षी करून ठेवावी आणि दर वर्षी पुन्हा करावी. विमाने वाढण्यापूर्वीची स्थिती नंतर कोणालाच मोजता येणार नाही, आणि शाळेच्या जागेसाठी अर्ज करताना हातात असे आकडे असलेले बरे.