'खुकरी'चा कप्तान आणि वीररसाचे आलंबन

वीररसाचा स्थायिभाव उत्साह आणि त्याचे आलंबन म्हणजे जिंकावयाचा प्रतिपक्षी, ही साहित्यशास्त्रातील व्यवस्था सुपरिचित आहे. युद्धवीराच्या वर्णनास ती पुरते, कारण शत्रू समोर उभा असतो. पाणबुडीच्या युद्धात मात्र तो दिसतच नाही. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवच्या किनाऱ्यापासून सुमारे ४० सागरी मैलांवर पाकिस्तानच्या 'हंगोर' पाणबुडीने 'खुकरी' ही भारतीय युद्धनौका बुडविली. नौका काही मिनिटांतच गेली. तिच्यासमवेत १८ अधिकारी व १७६ नौसैनिक गेले. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला यांना मरणोत्तर महावीरचक्र देण्यात आले. या वीराचे आलंबन कोणते?

तुलनेसाठी 'जर्व्हिस बे'चा कप्तान फेगन घ्यावा. ५ नोव्हेंबर १९४० रोजी त्याने आपली प्रवासी जहाजावरून सशस्त्र केलेली, जुन्या तोफांची नौका 'ॲडमिरल शीर' या बलाढ्य जर्मन युद्धनौकेवर सरळ घातली आणि मागील ताफ्यास पांगण्याइतका अवधी मिळवून दिला. त्यासही मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस लाभला. येथे विजेतव्य, उद्दीपन, अनुभाव, सारे यथास्थित आहे. मायकेल थ्वेट्स यांना त्यावर दीर्घकाव्य सुचावे यात नवल नाही.

मुल्ला यांची गोष्ट अशी सहज काव्यात बसत नाही, आणि म्हणूनच तिची दोन रूपे झाली आहेत. लोकप्रिय रूपात बुडत्या नौकेवर आपल्या आसनावर शांतपणे बसलेला कप्तान दिसतो. बचावलेल्यांच्या आठवणींवर ते आधारलेले असल्याने त्यास कल्पित म्हणता येत नाही. परंतु कथनाच्या ओघात ते एक निश्चल चित्र बनते. उत्साह ओसरतो, निर्वेद पुढे येतो आणि वाचक नकळत वीराकडून शांताकडे ढळतो. सन्मानपत्राचे गद्य सरकारी व रुक्ष आहे, तरी त्यातील क्रम पाहण्याजोगा आहे. नौका सोडण्याचा आदेश, स्वतःचे जीवरक्षक साधन एका नौसैनिकास देणे, शक्य तितक्यांना बाहेर काढणे आणि मग आणखी काही करता येते का हे पाहण्यासाठी पुन्हा नियंत्रणमंचाकडे परतणे. हे परतणे सहेतुक आहे, मरणाची ओढ नव्हे. साहित्यगुणांनी दरिद्री असलेले हे गद्य येथे लोककथेपेक्षा रसदृष्ट्या अधिक अचूक ठरते.

मग आलंबन सापडते. ते 'हंगोर' नव्हे, तो नौसैनिक होय. विश्वनाथाने व पुढे जगन्नाथाने वीराचे जे चार भेद मानले, त्यांतील दयावीर हाच येथे लागू पडतो. फार तर दानवीराची छटा मान्य करावी. अभ्यासकांचा कल मात्र युद्धात मेलेल्या प्रत्येकास युद्धवीर ठरविण्याकडे असतो. हा आळसच म्हणावयाचा.

यावर एक गंभीर आक्षेप संभवतो. १९४ जणांचा मृत्यू हा मुळात करुणाचा विषय असता त्यावर एका नायकाची वीरगाथा रचल्याने शोक झाकला जात नाही काय? आक्षेप निराधार नाही. लोकप्रिय चित्राच्या बाबतीत तर तो पूर्णपणे लागू पडतो, कारण तेथे आसनावरील एकच व्यक्ती उरते आणि बाकीचे समुद्रात नाहीसे होतात. दयावीराच्या वाचनात तसे घडू शकत नाही. ज्यास जीवरक्षक दिले तो नौसैनिक दृष्टीआड करताच रसाचे आलंबनच नष्ट होते. इयान कार्डोझो यांनी 'खुकरी'वरील आपल्या पुस्तकात वाचलेल्यांच्या कहाण्यांना प्रमुख स्थान दिले, ते या दृष्टीने उचित होय.