लाडू, इंग्रजी आणि घरचे हसू

दिवाळी आली की घरोघरी पाकाची परीक्षा सुरू होते. साखर किती, पाणी किती, हे वहीत लिहिलेले असते. पण पाक एकतारी झाला की नाही हे वही सांगत नाही, ते दोन बोटांनाच कळावे लागते. मोठेपणी इंग्रजी शिकणाऱ्याची गत काहीशी अशीच असते. व्याकरण पाठ असते, शब्द ठाऊक असतात, दुसऱ्याचे बोलणे समजतेही. तोंड उघडायची वेळ आली की मात्र पाक बिघडतो.

हे सुचायला कारण झाला एक बोलपट. गौरी शिंदे यांचा ‘इंग्लिश विंग्लिश’ २०१२ साली आला. यंदा तो घरी नातवंडांसमवेत पुन्हा पाहिला. त्यातील शशी गोडबोले ही पुण्याची गृहिणी लाडू करून विकते. लाडवांची वाहवा होते, पण एखादा इंग्रजी शब्द तिच्या तोंडून वाकडा निघाला की नवरा नि मुलगी हसतात. पुढे भाचीच्या लग्नासाठी ती न्यूयॉर्कला जाते आणि लाडवांच्या कमाईतून, कुणाला न सांगता, चार आठवड्यांचा इंग्रजीचा वर्ग लावते.

या बोलपटाचे मोठेपण कशात आहे? शशीला परके लोक फारसे अडवीत नाहीत. तिला अडवते ते घरचे हसू, हे दिग्दर्शिकेने अचूक हेरले आहे. उपाहारगृहातील उर्मट बाई एकदाच भेटते. जेवणाच्या टेबलावरचे हसू रोजचे असते. वर्गात तिच्याबरोबर फ्रेंच आचारी, पाकिस्तानी टॅक्सीवाला, तमिळ नोकरदार अशी मंडळी आहेत. तेथे सगळेच चुकतात. म्हणून कोणी कोणाला भीत नाही. शेवटी लग्नात ती थांबत, अडखळत इंग्रजीतून दोन शब्द बोलते. तेथे श्रीदेवी यांनी वाक्यांपेक्षा वाक्यांमधल्या थांब्यांना दिलेला अर्थ विसरता येत नाही.

पण गुण सांगितले तसे दोषही सांगितले पाहिजेत. चार आठवड्यांत एवढी मजल? ‘थोडे येते’ आणि ‘सहज येते’ यांच्यामधला प्रवास सर्वांत लांबचा आणि सर्वांत कंटाळवाणा असतो. त्यात महिनेच्या महिने काहीच प्रगती दिसत नाही, आणि बहुतेक माणसे तेथेच वाट सोडतात. नेमका तोच टप्पा बोलपटाने भरधाव ओलांडला आहे. शिवाय हे गोडबोल्यांचे घर आपसांत हिंदी बोलते, आणि परतीच्या विमानात शशी वर्तमानपत्र मागते तेही हिंदी! स्वभाषेचा अभिमान सांगणाऱ्या कथेने नायिकेची मराठीच गाळावी, हे मराठी प्रेक्षकाला खटकल्यावाचून राहत नाही.

तो गाळलेला टप्पा पाहायचा असेल तर १९१० साली प्रसिद्ध झालेले रमाबाई रानडे यांचे ‘आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी’ हे पुस्तक उघडावे. १८७३ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, त्यांचे लग्न न्यायमूर्ती रानड्यांशी झाले. तेव्हा त्यांना अक्षरओळखही नव्हती. पतीने आधी मराठी शिकवले, मग इंग्रजी. शिकवायला येणाऱ्या इंग्रज बाईंशी विटाळ झाला म्हणून घरातील बायका त्यांना आंघोळ करायला लावीत. पुण्यात मुलींचे हायस्कूल निघावे म्हणून त्यांनी गव्हर्नरांपुढे इंग्रजी निवेदन वाचले, तर घरी टोमणे मिळाले. पण हे टोमणे खाऊनही अभ्यास वर्षानुवर्षे चालूच राहिला, कारण घरातले एक माणूस तरी हसत नव्हते. शशीच्या घरात उणीव होती ती अशा माणसाची.

आमच्या जालन्यापुरते बोलायचे तर हा प्रश्न घरोघरीचा आहे. २००० सालापूर्वी मराठी शाळेत शिकलेल्यांची इंग्रजी पाचवीपासून सुरू झाली. आज तीच माणसे बियाण्यांच्या कंपनीत, लोखंडाच्या कारखान्यात, बँकेत काम करतात. इंग्रजी पत्र वाचतात, औषधाच्या बाटलीवरचा मजकूर शेजाऱ्याला समजावून देतात. पण साहेबाचा फोन आला की तो दुसऱ्याच्या हाती देतात. परकी भाषा आम्हांला नवी आहे असेही नाही. निजामी अमदानीत वरचे शिक्षण उर्दूतून होते. माझे आजोबा अंबडच्या बाजारात मराठी वळणाची उर्दू बेधडक बोलत. व्याकरण मोडे, व्यवहार मोडत नसे. आणि त्यांना कुणी हसल्याचे मला आठवत नाही. उर्दू त्यांना सरावाने आली आणि तो सराव न लाजता झाला. इंग्रजीच्या वाट्याला मात्र आपण पहिल्या दिवसापासून लाज जोडून दिली आहे.

म्हणून ‘इंग्लिश विंग्लिश’कडे कोणी इंग्रजी शिकण्याची युक्ती म्हणून पाहू नये. ती त्यात नाही. ती रोजच्या सरावात आहे. बोलपट खरा बोलतो तो शिकणाऱ्याच्या घरच्यांशी. आमच्याकडे तो संपल्यावर सूनबाईंनी धीर करून मोठ्या नातवाला इंग्रजीतून एक प्रश्न विचारला. वाक्य चुकले होते. नातू हसायच्या बेतात होता. पण आवरला, आणि त्याने सरळ उत्तर दिले. मग सूनबाईंनी दुसरा प्रश्न विचारला. वाचकहो, एखाद्या कलाकृतीचे याहून मोठे यश कोणते सांगावे?